अक्काची पावती

आमच्या अक्काला भाऊबीजेची ओवाळणी घातली, की ती तबकातली नोट उचलून उजेडाकडे धरायची आणि म्हणायची, "खरी आहे ना रे? बँकेतला माणूस तू!" पोरे खो-खो हसत. २००९ साली ती गेली.

अक्का माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. व्हर्नाक्युलर फायनल होऊन ती पुण्यात प्राथमिक शाळेत मास्तरीण झाली. लग्न केले नाही. आई विचारी, तेव्हा "सवड झाली की बघू" एवढेच उत्तर मिळे. मी सांगलीला शिकत होतो. माझी फी तिच्या मनिऑर्डरने यायची. कुपनावर एकच ओळ : 'पावती पाठव.' मला त्या ओळीचा राग येई. सख्ख्या भावाकडे कसली पावती मागायची?

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले. नारायण पेठेतली तिची खोली तळमजल्यावर. तिसऱ्या दिवशी मी कसाबसा पोचलो. गुडघाभर चिखल, नळाला पाणी नाही, आणि अक्का दोरीवर हजेरीपटाची पाने वाळत घालत होती. शाई पसरली होती, तरी नावे लागत होती. भांडी, गादी, सायकल, कशाचीच तिला फिकीर नव्हती. ती पाने घेऊन ती निर्वासितांच्या छावण्या पालथ्या घालीत होती, वर्गातली एकेक पोर शोधीत. मी तिला वाईला नेले. आठव्या दिवशी ती परतली. सगळ्या मुली सापडल्या होत्या, फक्त दोघींचा पत्ता लागायचा होता.

आता नको ते सांगतो. १९६४ साली वडील गेले. आई आधीच गेली होती. वाईचे घर वडिलांच्या कमाईचे, मृत्युपत्र नाही. १९५६ च्या कायद्याने त्यात अक्काचा वाटा माझ्याइतकाच होता. राहत्या घराची वाटणी मात्र मुलीला मागता येत नसे. ते कलम २००५ साली गेले. पण हक्क तो हक्क. वकिलांनी हक्कसोडपत्र करायला सांगितले आणि मी, तिच्या पैशाने शिकलेला, ते घेऊन पुण्याला गेलो. सगळेच भाऊ तसे करीत, अशी मनाची समजूत घातली होती.

तिने चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला.

"सही करते. पण हा 'राजीखुशीने' शब्द काढ."

"तो काढता येत नाही, अक्का. तसाच मसुदा असतो."

"मग राहू दे," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

मी कागद खिशात घालून परतलो. बायकोलाही काही बोललो नाही. त्या दिवाळीला अक्का येईल असे वाटले नव्हते. ती आली. ओवाळले, नोट उजेडाकडे धरली, पोरांसारखी हसली. मला मात्र मान वर करता येईना.

१९७८ साली घर विकले, तेव्हा निम्मी रक्कम तिच्यापुढे ठेवली. तिने दोनदा मोजली आणि न मागता मला पावती लिहून दिली. त्या पैशात स्वतःची शिल्लक घालून तिने कोथरूडला दोन खोल्या घेतल्या. वास्तुशांतीला मी नेहमीप्रमाणे उशिरा पोचलो. दारावर तिच्या नावाची पितळी पाटी.

"चपला बाहेर काढ," ती आतून ओरडली, "घर माझे आहे!"