एका डोळ्यापुरती सुट्टी

मावशी थेंबांची बाटली फ्रिजमध्ये ठेवते. तशी गरज नाही, पण थेंब गार असला की तो डोळ्यात पडला की पापणीवर, ते कळतं. न्यू जर्सीतल्या तिच्या स्वयंपाकघरात रोज रात्री साडेनऊला मी हा सोहळा बघायचे. मान मागे, खालची पापणी ओढलेली, संधिवाताने वाकलेला अंगठा बाटलीवर. पहिला थेंब गालावर, दुसरा नाकावर. तिसरा नीट पडला की डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबायचा, नाहीतर औषध अश्रूंच्या नळीतून घशात उतरतं. अडीच मिलिलिटरची बाटली मग महिन्याआधीच संपते, आणि विमावाले म्हणतात, नवीन इतक्यात नाही.

काचबिंदू दुखत नाही, हीच पंचाईत. आज थेंब चुकला तरी उद्या सगळं तसंच दिसतं. गेलेली नजर मात्र परत येत नाही.

डॉक्टरांनी ड्युरिस्टा सुचवलं. अमेरिकेत मार्च 2020 मध्ये मान्यता मिळालेलं. औषध मावशीच्या बाटलीतलंच, बायमॅटोप्रोस्ट. फक्त विरघळणाऱ्या पॉलिमरच्या, जेमतेम मिलिमीटरभर काडीत घातलेलं. मात्रा 10 मायक्रोग्रॅम. मी हिशेब करून पाहिला: तिच्या 0.01 टक्क्याच्या बाटलीतले तीन-चार थेंब! तेवढ्यावर काही महिने निभावतात, कारण थेंबातले शंभरातले पाच भागही डोळ्याच्या आत पोचत नाहीत.

मला शेजारी उभं राहू दिलं. आधी बधिर करायचे थेंब (पुन्हा थेंबच!), मग तपकिरी जंतुनाशक, मग पापण्या फाकवून धरणारी तारेची कमान. बुबुळाच्या कडेशी सुई आत शिरली, डॉक्टरांनी बटण दाबलं. पडद्यावर तांदळाच्या कणीचाही तुकडा वाटावा असं काहीतरी पांढुरकं आतल्या पाण्यात दिसलं. सुई बाहेर. एवढंच. ती काडी खालच्या कोपऱ्यात बसावी म्हणून तासभर आडवं व्हायचं नाही, ही शिक्षा मावशीला सुईपेक्षा जड गेली.

यालाही मर्यादा आहेत. पारदर्शक पटलाच्या आतल्या बाजूच्या पेशी काडीमुळे कमी होऊ शकतात, आणि त्या पुन्हा वाढत नाहीत. म्हणून मान्यता देताना एका डोळ्यात एकदाच, अशी अट घातली होती. डोळ्यात बसवायचं असंच दुसरं साधन, डिसेंबर 2023 मध्ये मान्यता मिळालेलं आयडोज, टायटेनियमचं. त्यात ट्रॅव्होप्रोस्ट असतं आणि ते आत रोवून बसवतात. काहीही बसवा, दाब मोजायला जाणं सुटत नाही.

मावशीचा फक्त उजवा डोळा झालाय. त्या रात्री साडेनऊला तिने सवयीने फ्रिज उघडला, मान मागे टाकली, बाटली उजव्या डोळ्यावर नेली आणि तशीच थांबली.

“अगं, डावा ना?”