साडेअकरानंतरचा टीव्ही

अमेरिकेत टीव्ही आला तो शहराशहरांच्या स्टेशनांतून. सीबीएस, एनबीसी, एबीसी ही तीन बडी नेटवर्क न्यूयॉर्कहून कार्यक्रम पुरवत, पण परवाना, मनोरा, स्टुडिओ आणि जमाखर्च ज्या-त्या स्टेशनचा. संध्याकाळचे मोक्याचे तास नेटवर्कच्या हाती असत. रात्री अकराच्या बातम्या संपल्या की घड्याळ स्टेशनच्या मालकीचं होई. एनबीसीच्या स्टेशनांना 1954 पासून 'द टुनाइट शो' मिळाला. बाकीच्यांना बरीच वर्षं साडेअकरानंतर मैदान मोकळं होतं. त्या वेळात काय दाखवायचं, हे क्लीव्हलँड, फिलाडेल्फिया किंवा इंडियानापोलिसमध्ये बसलेला प्रोग्रॅम मॅनेजर ठरवायचा, आणि त्याच्या हातात पैसा नसायचा. अमेरिकन टीव्हीचा सगळ्यात मोकळा, सगळ्यात गावरान काळ या तंगीतून उभा राहिला. त्याची मौज आणि त्याचं मोल दोन्ही अजून पुरेसं ओळखलं गेलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

स्वस्तातला माल म्हणजे जुने सिनेमे. हॉलीवूडचे स्टुडिओ सुरुवातीला टीव्हीला शत्रू मानत आणि आपले चित्रपट देत नसत. 1955 च्या अखेरीस आरकेओ स्टुडिओचा सातशेच्यावर चित्रपटांचा साठा विकला गेला आणि बांध फुटला. टीव्हीचे हक्क घेणाऱ्या सी अँड सी टेलिव्हिजन कंपनीने स्टेशनांशी चक्क देवाणघेवाण केली: सिनेमे घ्या आणि बदल्यात जाहिरातीची वेळ द्या. ती वेळ प्लेटेक्सची अंतर्वस्त्रं बनवणाऱ्या इंटरनॅशनल लेटेक्सने घेतली. पुढे वॉर्नर, एमजीएम, पॅरामाउंट यांचेही साठे बाहेर आले. ऑक्टोबर 1957 मध्ये स्क्रीन जेम्स या वितरक कंपनीने युनिव्हर्सलच्या 52 जुन्या चित्रपटांचा एक गठ्ठा 'शॉक' या नावाने विकायला काढला. त्यात 'ड्रॅक्युला' होता, 'फ्रँकेन्स्टाइन' होता आणि बरेचसे दुय्यम भयपटही होते.

आता गणित पाहा. 'फ्रँकेन्स्टाइन' जेमतेम सत्तर मिनिटांचा. साडेअकरा ते एक, म्हणजे नव्वद मिनिटं भरायची. उरलेल्या वीस मिनिटांत जाहिराती घालायच्या, आणि दोन जाहिरातींच्या मध्ये प्रेक्षकाला जागं ठेवायला कुणीतरी हवं. म्हणून स्टेशनच्याच एखाद्या निवेदकाला काळा झगा घालून, तोंडाला पांढरं फासून शवपेटीशेजारी उभं केलं जाई. हा भुताचा यजमान. लॉस एंजेलिसच्या केएबीसीवर माइला नुर्मीने 1954 मध्येच 'व्हँपायरा' उभी केली होती. 'शॉक' आल्यावर फिलाडेल्फियाच्या डब्ल्यूसीएयूवर जॉन झॅकर्ली आला, आणि मग गावोगावी भुतं उगवली.

त्यातला सगळ्यांत अफाट माणूस क्लीव्हलँडचा. डब्ल्यूजेडब्ल्यू, आठ नंबरचं चॅनेल, जानेवारी 1963, शुक्रवारची रात्र. एर्नी अँडरसन नावाच्या निवेदकाने विग चढवला, नकली दाढी चिकटवली, पांढरा लॅबकोट घातला आणि 'गूलार्डी' होऊन तो कॅमेऱ्यासमोर आला. सिनेमा रद्दड असला की तो प्रेक्षकांना सरळ सांगे, बघू नका, झोपा. सिनेमा चालू असताना मध्येच स्वतःचं चित्र त्यात घुसवी, म्हणजे राक्षस गुहेत शिरतोय आणि गूलार्डीही तिथेच वावरतोय. प्रेक्षक घरून खेळण्यांची मॉडेलं पाठवत आणि तो स्टुडिओत फटाके लावून ती उडवून देई. पार्मा नावाच्या शेजारच्या उपनगराची तर त्याने पाठच धरली होती. तिथले पांढरे मोजे, अंगणातले प्लॅस्टिकचे गुलाबी फ्लेमिंगो आणि पोल्का संगीत यांची तो दर आठवड्याला टिंगल करी. ही टिंगल न्यूयॉर्कमध्ये कुणालाच कळली नसती. क्लीव्हलँडच्या प्रत्येक पोराला मात्र ती सोमवारी शाळेत तोंडपाठ असायची. हा कार्यक्रम 1966 पर्यंत चालला. पुढे अँडरसन लॉस एंजेलिसला जाऊन एबीसीचा नामांकित निवेदक झाला. त्याच्या दिग्दर्शक मुलाने, पॉल थॉमस अँडरसनने, आपल्या चित्रसंस्थेला गूलार्डीचंच नाव दिलं. पण खुद्द गूलार्डीच्या कार्यक्रमाचं चित्रण आज फारच थोडं उरलंय.

या सगळ्याचा खर्च जाहिराती भागवत, आणि मला त्या जाहिराती सिनेमांपेक्षा जास्त महत्त्वाच्या वाटतात. संध्याकाळच्या वेळेचा दर साबण आणि मोटारींच्या राष्ट्रीय कंपन्यांनाच परवडे. मध्यरात्रीचा दर कोपऱ्यावरच्या फर्निचरवाल्यालाही परवडायचा. साधी जाहिरात म्हणजे एक स्लाइड, तिच्यावर दुकानाचं नाव, पत्ता आणि मागून बूथमधल्या निवेदकाचा आवाज. थोडे जास्त पैसे असले तर स्टेशनचीच माणसं ती चित्रित करून देत आणि मालक स्वतः कॅमेऱ्यासमोर उभा राही. अभिनय येत नसे, शब्द अडखळत, नजर कागदाकडे वळे. पण समोर दिसायचा तो त्या गावचा खराखुरा दुकानदार, त्याच्या खऱ्या उच्चारांसकट.

लॉस एंजेलिसमध्ये मोटारींचा विक्रेता कॅल वर्दिंग्टन याने एका स्पर्धकाची जिरवायचं ठरवलं. तो स्पर्धक आपल्या जाहिरातीत कुत्रा घेऊन यायचा. वर्दिंग्टन गोरिला घेऊन आला आणि म्हणाला, हा माझा कुत्रा, स्पॉट. पुढे वाघ, हत्ती असा प्रत्येक प्राणी त्याचा 'कुत्रा' झाला, आणि खरा कुत्रा तेवढा नसायचा. न्यूयॉर्कमध्ये 'क्रेझी एडी' या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानासाठी रेडिओवरचा जेरी कॅरोल स्टिरिओंच्या ढिगासमोर उभा राहून हात फेकत, श्वास न घेता भाव ओरडायचा. ऑगस्टच्या सेलमध्ये त्याच्यावर नाताळचं नकली बर्फ पडायचं. दुकानाचा मालक तोच, असं लोकांना वाटे. खरा मालक एडी अँटार. त्याची कंपनी हिशेबातल्या घोटाळ्यात बुडाली आणि तो 1992 मध्ये इस्रायलमध्ये पकडला गेला. न्यूयॉर्ककरांना त्या कंपनीचा ताळेबंद आठवत नाही. कॅरोलचे हातवारे मात्र आठवतात.

1978 मध्ये ऱ्होड आयलंडच्या बॅरी बेकर आणि एड व्हॅलेंटी यांनी ओहायोच्या फ्रीमाँटमध्ये बनणाऱ्या साध्या सुरीला 'गिन्सू' हे जपानी वाटणारं नाव दिलं. जाहिरातीत ती आधी डबा कापी, मग टोमॅटो. खाली फुकटचा फोन नंबर. रात्री एक वाजता जागा असलेला माणूस फोन उचलतो, हे त्यांना नेमकं कळलं होतं. सहा वर्षांनी, 1984 मध्ये, अमेरिकेच्या केंद्रीय संचार आयोगाने तासाला जास्तीत जास्त 16 मिनिटं जाहिराती हा दंडक उठवला. मग अर्धा तास नुसती जाहिरातच विकता येऊ लागली. त्यात सिनेमाचं भाडं नाही, भुताचा पगार नाही, उलट पैसे मिळतात. स्टेशनांनी घेतले. रात्रीच्या टीव्हीचा गावाशी असलेला धागा त्या हिशेबाने तोडला. त्या निर्णयामागे कसलीही कलात्मक कारणं नव्हती.

राहिलं काय? अँपेक्स कंपनीने 1956 मध्ये आणलेल्या व्हिडिओ रेकॉर्डरची तासाभराची टेप तीनशे डॉलरच्या घरात जायची. इतकी महाग टेप कोण जपून ठेवणार? ती पुसून पुन्हा वापरत. जाहिरातीची मुदत संपली की तिचं रीळ कचऱ्यात जाई. सिनेमे कुठे ना कुठे वाचले, कारण ते स्टुडिओची मालमत्ता होते. त्यांच्या मधल्या जाहिराती आणि 'आता आमचं प्रसारण संपत आहे' असं सांगून राष्ट्रगीत वाजवणाऱ्या पट्ट्या मात्र कुणाच्याच नव्हत्या.

त्या वाचवल्या त्या प्रेक्षकांनी, तेही नकळत. 1975 मध्ये बेटामॅक्स हे घरगुती व्हिडिओ रेकॉर्डर आलं आणि लोक रात्रीचा सिनेमा टेपवर घेऊ लागले. जानेवारी 1984 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी घरच्या या रेकॉर्डिंगला मान्यता दिली. जाहिराती वगळण्यासाठी पॉज दाबायला उठण्याचा कंटाळा ज्यांनी केला, त्यांच्याच टेपांवर आज त्या काळातल्या जाहिराती सापडतात. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांनी मात्र हे काम जाणूनबुजून केलं. त्या मूळच्या ग्रंथपाल. 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून डिसेंबर 2012 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी घरात एकाच वेळी अनेक व्हीसीआर अहोरात्र चालू ठेवले. टेप बदलायची वेळ झाली की जेवण अर्धवट टाकून घर गाठायचं. जमा झालेल्या टेपा सुमारे सत्तर हजार. त्यांचं लक्ष होतं बातम्यांवर, पण रेकॉर्डर थांबतच नसल्यामुळे मधलं सगळं आपोआप टिपलं गेलं. हा साठा आता इंटरनेट अर्काइव्ह या डिजिटल संग्रहाकडे आहे.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि जाहिराती 1976 पासून दिसू लागल्या. टेपा पुसून पुन्हा वापरण्याची काटकसर इथेही झाली. व्हीसीआरचं उत्पादन करणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने 2016 मध्ये ते बंद केलं, त्यामुळे चालू यंत्रं दरवर्षी कमी होणार आहेत. तुमच्या माळ्यावर ऐंशीच्या दशकात टीव्हीवरचा मराठी चित्रपट रेकॉर्ड केलेली एखादी व्हीएचएस असेल, तर ती रद्दीत देऊ नका. रिळावर बुरशीचे पांढरे ठिपके असतील तर घरच्या व्हीसीआरमध्ये घालू नका. टेप डिजिटल करून देणाऱ्याकडे न्या आणि त्याला निक्षून सांगा, मधल्या जाहिराती कापायच्या नाहीत.