हिरड्यांचे मुके दुखणे

काटा रुतला की पाय आपोआप मागे येतो. वेदना ही शरीराची पहारेकरीण आहे, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु हिरड्यांच्या रोगात हीच पहारेकरीण पुष्कळदा झोपी गेलेली आढळते.

दातांवर साचणाऱ्या पांढऱ्या मळात असंख्य जंतू असतात. हॉलंडच्या ल्यूवेनहुक याने १६८३ साली ते सूक्ष्मदर्शकातून पाहून त्यांचे वर्णन लिहून ठेवले. हा मळ राहिला की त्याचे कठीण कीटण बनते. जंतू हिरडीखाली शिरतात. त्यांच्याशी झुंजताना हिरडी सुजते, दात घासताना रक्त येते. पुढे दाताभोवतीचे हाडही झिजते. यालाच लोक पायोरिया म्हणतात.

सुजेच्या जागी निर्माण होणारी द्रव्ये वेदनावाहक तंतूंना हळवे करतात. मग साधा स्पर्शही झोंबतो. इतकेच नव्हे, तर काही जंतू या तंतूंना स्वतःच डिवचतात, असे २०१३ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले.

मग पायोरिया बहुधा मुका का राहतो? एक तर तो वर्षानुवर्षे मंद गतीने वाढतो. दुसरे, हिरडी व दात यांमधील फट उघडी असल्याने पू बाहेर पडतो, ताण साचत नाही. फटीचे तोंड बंद झाले की मात्र गळू होऊन असह्य ठणका लागतो. हिरडी खाली सरकून दाताचे मूळ उघडे पडले, तर थंड पाण्यानेही कळ येते. तोवर हाडाची हानी झालेली असते, आणि झिजलेले हाड सहसा आपोआप भरून येत नाही.

म्हणून वेदनेची वाट न पाहता रक्ताची खूण ओळखावी. रक्त दिसताच पुष्कळजण दात घासणेच सोडतात. त्यामुळे मळ अधिकच साचतो. कोणी मिश्री लावतात. परंतु तंबाखूने रक्तवाहिन्या आकसून रक्त येणे कमी होते, आणि ही दुसरी खूणही लपते.

‘म्हातारपणी दात पडायचेच’ असे आपल्या घरांतून सर्रास ऐकू येते. वस्तुतः दात नेणारा चोर बहुधा वय नसून रोग असतो. विद्यार्थी मित्रहो, सकाळी व निजण्यापूर्वी मऊ ब्रशाने दात घासा. घरातील वडीलधाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त येत असेल, तर त्यांना दंतवैद्याकडे जाण्याचा आग्रह धरा. पणजीजवळ बांबोळीला १९८० साली स्थापन झालेले गोवा दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. पेडणे-डिचोलीकरांनाही ते दूर नाही. चणे आहेत तर दात नाहीत, अशी पाळी आजी-आजोबांवर येऊ नये.