दोनशे तासांची सोबत

रक्तपिपासू वटवाघळाचं पोट अगदी हातावरचं असतं. सलग दोन-तीन रात्री शिकार हुकली की ते मरतं. अशा उपाशी वटवाघळाला शेजारी लटकलेलं दुसरं वटवाघूळ आपल्या पोटातलं रक्त ओकून भरवतं. हे ऐकून अंगावर काटा येतो, पण नीट विचार केला तर यापेक्षा मोठी मदत ती कोणती? जेराल्ड विल्किन्सन यांनी १९८४ मध्ये हे जगापुढे मांडलं, तेव्हापासून जीवशास्त्रज्ञांचा या प्राण्यावर डोळा आहे. (ही मंडळी लॅटिन अमेरिकेतली. आपल्याकडे वडा-उंबरावर लटकतात ती बिचारी फळं खातात; त्यांना उगाच बोल लावू नये.)

मायलेकींनी एकमेकींना भरवलं तर नवल नाही. पण नात्यागोत्याची नसलेली वटवाघळंही हे करतात. मग मुळात अनोळखी असलेल्या दोघींमध्ये हा विश्वास येतो कुठून? जेराल्ड कार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पनामात दोन दूरदूरच्या ठिकाणांहून माद्या पकडून आणल्या, म्हणजे त्या एकमेकींना ओळखत असण्याची शक्यताच नको. त्यांना एकत्र ठेवलं आणि सव्वा वर्ष त्यांच्याकडे बघत बसले. अधूनमधून एखादीला उपाशी ठेवायचं आणि तिला कोण भरवतं ते टिपायचं.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेलं उत्तर वाचून मी थक्क झाले. अनोळखी माद्या आधी एकमेकींचं अंग चाटून साफ करू लागल्या. त्यात जोखीम काहीच नाही, गेलीच तर थोडी थुंकी. हे चाटणं हळूहळू वाढत गेलं, आणि काही जोड्यांमध्ये मग रक्त भरवण्यापर्यंत मजल गेली. नव्या शेजारणीकडे आपण आधी वाटीभर साखर मागतो, घराची किल्ली फार पुढे देतो, तसंच हे. आणखी एक गोष्ट दिसली. दोन परक्या माद्यांना दोघींनाच ठेवलं, तर त्यांचं जमण्याची शक्यता जास्त. जुन्या मैत्रिणी आजूबाजूला असल्या, की नवीकडे बघायला कुणाला सवड नसते. शाळेत मधल्या वर्षी दाखल झालेल्या कुणालाही हे विचारा.

गेल्या वर्षभरात मला दोन नव्या मैत्रिणी मिळाल्या. या वयात मैत्री होत नाही, असं मी बरीच वर्षं ऐकत आणि म्हणतही आले होते. म्हणून हे झालं कसं, याची मला चौकशी करावीशी वाटली.

पहिली मिळाली डोंबिवलीहून दादरला जाताना, लेडीज डब्यात. आमच्यातलं पहिलं वाक्य कुठल्याही लोकलमैत्रीचं असतं तेच, ‘कुठे उतरणार?’ ती ठाण्याला उतरत नव्हती, म्हणजे माझ्या उपयोगाची नव्हती. पण पुढच्या आठवड्यात तिनं माझी पिशवी मांडीवर घेतली. मग माझ्या ब्लाउजचं हूक तुटलं तेव्हा तिची सेफ्टी पिन आली. मग हिवाळ्यात, चौथ्या सीटवर अर्धी लटकून बसलेल्या मला तिनं मटारच्या शेंगा दिल्या आणि म्हणाली, ‘रिकामी बसू नका, सोला.’ मटार तिचे, सोलणारी मी, आणि मधल्या पिशवीत साली. त्यानंतर कधीतरी एकदा मुलुंड ते घाटकोपरच्या मधे तिनं आईच्या बायोप्सीचा रिपोर्ट सांगितला, आणि त्या दिवसापासून आम्ही ‘अगं’वर आलो. पिशवी, पिन, मटार, रिपोर्ट. कार्टर यांच्या वटवाघळांना हा क्रम ओळखीचा वाटेल.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी तर मैत्रीला लागणारे तासच मोजायचा प्रयत्न केला. नुकतेच नव्या गावी राहायला गेलेले लोक आणि कॉलेजात नव्यानं आलेली मुलं त्यांनी निवडली आणि नव्या ओळखींबरोबर किती वेळ घालवता, त्या ओळखीला आज काय म्हणाल, हे विचारलं. ढोबळ अंदाज असा निघाला, की नुसत्या ओळखीतून सैलशी मैत्री व्हायला सुमारे ५० तास लागतात, खरी मैत्री म्हणावी तिथवर जायला सुमारे ९०, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. मी लगेच लोकलचा हिशेब मांडला. रोज पाऊण तास, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे महिन्याला एकोणीसच्या आसपास तास. तिसऱ्या महिन्यात सैल मैत्री, पाचव्यात मैत्री, अकराव्यात जिवाभावाची. लोकलमधले ग्रुप दसऱ्याला डबा सजवतात, वाढदिवसाला समोसे वाटतात, कुणी आजारी पडलं तर घरी जाऊन येतात. यामागे एवढी साधी बेरीज असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मात्र हॉल यांची एक अट आहे. एका ठिकाणी बसून काम केल्याचे तास फारसे जमेस धरता येत नाहीत. थट्टामस्करी, ‘काल काय झालं मग?’, निवांतपणा, हे तास खरे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी दहा वर्षांत मैत्री का झाली नाही, आणि गाडीतल्या बाईशी वर्षात का झाली, याचं उत्तर त्यात आहे.

आणि आपण मैत्री ‘निवडतो’ हा आपला गोड गैरसमज आहे, असं मला आता वाटू लागलंय. लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी एमआयटीच्या वेस्टगेट या विद्यार्थी-कुटुंबांच्या वसाहतीचा अभ्यास १९५० मध्ये पुस्तकरूपानं मांडला. अगदी लागून दार असलेल्यांपैकी ४१ टक्क्यांनी एकमेकांना जवळचे मित्र म्हटलं. मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांवर आलं. अंतर किती, तर मधे तीन दारं. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावर जास्त मैत्री, कारण वरचे लोक त्यांच्या दारावरून जात-येत. म्हणजे जिना कुठे काढायचा हे ठरवणाऱ्या आर्किटेक्टनं नकळत कितीतरी माणसांची दोस्ती ठरवून टाकली.

मग ज्यांना दार नाही, जिना नाही, त्यांचं काय? माझी दुसरी मैत्रीण कुडाळजवळच्या एका वाडीत राहते. आम्ही अजून भेटलेलो नाही. रात्री दिव्यावर येणाऱ्या पतंगांचे फोटो काढून नावं शोधणाऱ्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आमची गाठ पडली. पडवीच्या भिंतीवर बसलेला पतंग, आणि त्याच्या शेजारी लांबी कळावी म्हणून चिकटवलेला तांदळाचा दाणा, असा तिचा फोटो रात्री साडेदहाला येतो. पतंग दाण्याएवढा की दीड दाण्याचा, यावर आम्ही वाद घालतो. ती मला ताई म्हणते. वीज गेली की पतंग नाहीत, मग ती सासूबाईंबद्दल लिहिते.

ही खरी मैत्री का, असं कुणी विचारलं की मला मॅट्स स्टेन आठवतो. या नॉर्वेजियन तरुणाला डुशेन हा स्नायू दुबळे करत नेणारा आजार होता. व्हीलचेअर, मग जेमतेम हलणारी बोटं. तो दिवसचे दिवस ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळायचा आणि पोराला मित्र नाहीत या विचारानं आईवडील झुरायचे. २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर बातमी लिहून आपला ईमेल पत्ता दिला, आणि वेगवेगळ्या देशांतून पत्रं येऊ लागली. खेळात तो इबेलिन नावाचा धडधाकट तरुण होता आणि ‘स्टारलाइट’ नावाच्या टोळीतल्या कितीतरी जणांचा आधार होता. नेदरलँड्समधल्या एका मैत्रिणीचा कॉम्प्युटर घरच्यांनी काढून घेतला, तेव्हा यानं तिच्या आईवडिलांना पत्र लिहून समजावलं होतं. टोळीतले काही जण अंत्यविधीला नॉर्वेत पोचले. त्याच्यावरचा माहितीपट २०२४ मध्ये आला. तास मोजायचेच, तर या मंडळींनी हॉल यांचे दोनशे कधीच मागे टाकले होते.

शेवटी एक किंचित टोचणारी गोष्ट. ब्रिटनमध्ये शाळा संपवून कॉलेजला किंवा नोकरीला लागलेल्या २४ मुलामुलींचे फोन संशोधकांनी दीड वर्ष अभ्यासले. २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. फोनच्या यादीतली माणसं भराभर बदलली. पण पहिल्या क्रमांकाच्या माणसाला एकूण फोनांतला किती वाटा, दुसऱ्याला किती, ही प्रत्येकाची ठेवण जवळपास जशीच्या तशी राहिली. नवा माणूस वर आला, की त्या जागेवरचं कुणीतरी खाली सरकलं.

तेव्हा माझ्या यादीतही दोन जणी खाली गेल्या असणार. एक कोण ते कळलंय. कॉलेजातली मैत्रीण, नागपूरला असते. परवा तिनंच फोन केला आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, ‘आहेस का गेलीस?’ मग दीड तास बोललो. हॉल यांच्या हिशेबात लोकलच्या दोन फेऱ्या झाल्या.