कोठारांतील धान्य कोणाचें?

ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला कीं विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न बहुधा येतोच : श्रीमंत असणें हें पाप आहे काय? प्रभु येशू ख्रिस्तानें एका धनवान मनुष्यास सर्व कांहीं विकून गोरगरिबांस देण्यास सांगितलें आणि तो खिन्न होऊन निघून गेला, ही हकीकत मार्काच्या शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायांत आहे. ती ऐकल्यावर असा प्रश्न मनांत येणें स्वाभाविक आहे. पालकांसही तो पडतो. पोटाला चिमटा घेऊन मुलांसाठीं चार पैसे शिल्लक टाकणाऱ्या माणसानें स्वतःस अपराधी समजावें काय? पहिल्या चार शतकांतील ख्रिस्ती मंडळीनें या प्रश्नाचा विचार कसा केला, तें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभ यरुशलेमेपासून केला पाहिजे. प्रेषितांच्या कृत्यांत असें वर्णन आहे कीं, तेथील विश्वासणारे आपली मालमत्ता सामाईक मानीत. ज्यांच्या जमिनी किंवा घरें होतीं ते तीं विकून पैसा प्रेषितांच्या स्वाधीन करीत, आणि ज्याची त्याची गरज पाहून तो वाटला जाई. कुप्र बेटाच्या बर्णबानें आपलें शेत असेंच विकलें. परंतु यांत सक्ती नव्हती, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. हनन्या व सप्पीरा या दांपत्यानें जमिनीच्या किंमतीपैकीं कांहीं भाग लपवून ठेविला. पेत्रानें दोष दिला तो पैसा ठेविल्याबद्दल नव्हे, तर सर्व दिल्याचें सोंग केल्याबद्दल. जमीन तुझीच होती आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच हातीं होता, असें त्यानें हनन्यास स्पष्ट बजाविलें. पुढें ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांच्या बाबतींत रोजच्या वाटपांत पंक्तिप्रपंच होतो अशी कुरकुर उठली, तेव्हां त्या कामासाठीं सात माणसें निवडण्यांत आलीं. नुसती दया पुरत नाहीं, तिला चोख व्यवस्थेची जोड लागते, हा धडा मंडळीस अगदीं आरंभींच मिळाला.

तो धडा ती विसरली नाहीं. संत पौलानें यरुशलेमेंतील गरिबांसाठीं मासेदोनिया व अखया या प्रांतांतून वर्गणी जमविली. प्रत्येकानें आठवड्याच्या पहिल्या दिवशीं आपल्या मिळकतीच्या मानानें कांहीं बाजूस काढून ठेवावें, असें त्यानें करिंथकरांस लिहिलें. आणि पैशाच्या बाबतींत कोणास बोट दाखवावयास जागा राहूं नये म्हणून मंडळ्यांनीं निवडलेला मनुष्य त्या कामीं बरोबर घेतला. इ. स. 155 च्या सुमारास रोम शहरीं जस्टिन यानें आपल्या मंडळीची वहिवाट लिहून ठेविली आहे. रविवारच्या उपासनेंत ज्याची इच्छा असेल तो आपल्या खुशीनें देई, आणि जमलेल्या पैशांतून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परगांवचे लोक यांस साहाय्य मिळे. इ. स. 251 मध्यें रोमचा बिशप कर्नेलियस यानें एका पत्रांत लिहिलें कीं, तेथील मंडळी 1,500 हून अधिक विधवांचा व दीनदुबळ्यांचा सांभाळ करीत आहे. त्या काळीं ख्रिस्ती धर्मास राजमान्यता नव्हती, हें येथें लक्षांत ठेवावें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. इ. स. 200 च्या सुमारास मिसर देशांतील आलेक्सांद्रिया या भरभराटीच्या व्यापारी शहरांत क्लेमेंट नांवाचे विद्वान गुरु होते. श्रीमंत माणसें तेथील मंडळींत येऊं लागलीं होतीं, आणि आपणांस तारण नाहींच कीं काय, अशा निराशेनें त्यांचें मन खचत होतें. त्यांच्यासाठीं क्लेमेंट यांनीं याच धनवान मनुष्याच्या कथेवर एक निबंध लिहिला. त्यांचें म्हणणें असें कीं, सर्वांनींच आपलें धन टाकून दिलें तर भुकेल्यास अन्न व उघड्यास वस्त्र द्यावयाचें कोणीं आणि कशांतून? धन हें हत्यार आहे. वापरणारा जसा, तसें त्याचें काम. जें हांकलून द्यावयाचें तें अंतःकरणांतील लोभास, कारण लोभ कफल्लक माणसाच्या मनांतही धुमसत राहूं शकतो.

हें उत्तर शहाणपणाचें आहे. परंतु त्यांत एक पळवाट राहते. माझें मन पैशांत गुंतलेलें नाहीं, असें म्हणून कोणीही तिजोरीची किल्ली कमरेला लावून स्वस्थ बसूं शकेल.

ही पळवाट दीडशें वर्षांहून अधिक काळानें बेसिल यांनीं बुजविली. ते कप्पदुकिया प्रांतांतील कैसरिया नगराचे पाळक. हें नगर आज तुर्कस्तानांत असून त्यास कायसेरी म्हणतात. इ. स. 369 च्या सुमारास तेथें अवर्षण पडून भयंकर दुष्काळ आला. समुद्र दूर असल्यामुळें बाहेरून धान्य आणणें कठीण, आणि ज्यांच्यापाशीं सांठा होता ते भाव आणखी चढण्याची वाट पाहत बसले होते. बेसिल स्वतः जमीनदार घराण्यांतील होते. त्यांनीं जुनीं कोठारें पाडून मोठीं बांधूं पाहणाऱ्या मूर्ख धनवानाचा दाखला घेऊन उपदेश केला. उपाशी मुलांपैकीं कोणतें विकून बाकीच्यांस जगवावें, या विचारानें पोळून निघणाऱ्या बापाचें चित्र त्यांनीं श्रोत्यांपुढें उभें केलें. मग त्यांनीं सांगितलें कीं, तुमच्या गरजेपलीकडे जें धान्य कोठारांत आहे तें भुकेल्याचें आहे, आणि पेटींत पडून राहिलेलें वस्त्र उघड्याचें आहे. दुसऱ्याचें वस्त्र हिरावणारा जर चोर, तर देतां येत असून न देणाऱ्यास निराळें नांव कां द्यावें, असा त्यांचा रोखठोक सवाल होता.

त्यांचे मित्र ग्रेगरी सांगतात कीं, या उपदेशानें श्रीमंतांचीं कोठारें उघडलीं. बेसिल यांनीं उपाशी लोकांस एकत्र जमवून आमटीचीं भांडीं मांडलीं आणि स्वतः त्यांची सेवा केली. इ. स. 370 मध्यें ते बिशप झाले. पुढें नगराबाहेर त्यांनीं वाटसरूंसाठीं धर्मशाळा व आजाऱ्यांसाठीं रुग्णालय उभारलें. तेथें वैद्य, शुश्रूषा करणारीं माणसें व निरनिराळ्या कामांचे कारखानेही होते. ज्यांस लोक वेशीबाहेर घालवीत त्या कुष्ठरोग्यांसही तेथें आसरा मिळाला.

या शिकवणीचें मर्म बारकाईनें पाहण्यासारखें आहे. अधिक झालेलें धन जर मूळचें गरजवंताचें, तर दान ही मेहेरबानी राहत नाहीं. ती ऋणाची फेड होते. मग देणाऱ्यास गर्व कशाचा आणि घेणाऱ्यास लाज कशाची? ज्यांस सुवर्णमुख म्हणत ते योहान क्रिसोस्तम अंत्युखियांत याच धोरणानें बोलत. दारीं आलेल्या भुकेल्याची न्यायाधीशाप्रमाणें उलटतपासणी करूं नका, त्याची भूक हीच त्याची शिफारस, असा त्यांच्या उपदेशाचा आशय होता. त्यांच्याच सांगण्याप्रमाणें त्या शहरची मंडळी 3,000 विधवा व कुमारिकांस रोज पोशीत असे.

हें सर्व सांगतांना एक उणीवही सांगितली पाहिजे. त्याच काळांत अनेक ख्रिस्ती घरांत गुलाम राबत होते. बेसिल यांचे धाकटे बंधु, निस्साचे बिशप ग्रेगरी, यांनीं माणसानें माणसाचें धनी होण्यावर कडक टीका केली. पण तेवढ्यानें गुलामगिरी थांबली नाहीं. शिकवण उंच आणि आचरण ठेंगणें, हा मनुष्यस्वभाव त्या काळींही होताच.

तेव्हां विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला आमचें उत्तर असें : काटकसर हें पाप नव्हे आणि श्रमानें मिळविलेला पैसाही पाप नव्हे. परंतु शेजारीं कोणी उपाशी असतां गरजेपलीकडचें अडवून ठेवणें, याचा जाब द्यावा लागेल. आमच्यासारख्या शाळेंत कोणास फी माफ असते, कोणास दुसऱ्याचीं पुस्तकें मिळतात. अशा मुलानें मान खालीं घालण्याचें कारण नाहीं. आमचें स्वतःचें शिक्षण ज्यांच्या देणग्यांवर झालें त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें आम्हांस ठाऊक नाहींत. तें ऋण आम्हांस त्यांच्याकडे नव्हे, तर आमच्यामागून येणाऱ्यांकडे फेडावयाचें आहे. आणि ज्यांच्या घरीं देवदयेनें पुरेसें आहे, त्या मुलांनीं या सुटींत आपली कपड्यांची पेटी एकदां उघडून पाहावी. वर्षभर ज्यास हात लागला नाहीं असा सदरा तींत सांपडला, तर तो कोणाचा, याचा विचार घरच्या वडील माणसांबरोबर बसून करावा.