शिंग कापले, मुळाचे काय?

ओपीडीची वेळ संपत आली होती. सत्तरीतले एक आजोबा मुलासोबत आले, पण डोक्यावरची टोपी काढायला तयार होईनात. बरीच समजूत घातल्यावर त्यांनी ती उचलली. कानशिलाच्या वर बोटाच्या पेराएवढे, पिवळसर करड्या रंगाचे शिंग होते. "दोन वर्षं झाली. नखासारखं वाढतं, म्हणून मीच अडकित्त्यानं कापतो. चार-सहा महिन्यांत पुन्हा येतं," मुलगा म्हणाला. आता मुळाशी दुखू लागले, म्हणून दोघे आले होते.

माणसाला शिंग फुटते का? जनावराच्या शिंगात आत हाड असते. माणसाच्या त्वचेवरील शिंगात ते नसते. आपली नखे आणि केस ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनतात, त्याचाच तो टणक थर असतो. त्वचेच्या एखाद्या ठिकाणी केराटिन जास्त तयार होऊन झडेनासे झाले की थरावर थर चढतात. बहुतेक शिंगे काही मिलिमीटरचीच असतात. मात्र एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधील मादाम दिमांश या वृद्धेच्या कपाळावरचे शिंग सुमारे २५ सेंटिमीटर वाढले होते. तिच्या चेहऱ्याची मेणाची प्रतिकृती फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात आहे.

हे शिंग म्हणजे कॅन्सर नव्हे. ते निर्जीव असते. खरा प्रश्न त्याच्या बुडाशी काय आहे, हा असतो. तिथे साधी चामखीळ असू शकते किंवा उतारवयात येणारा निरुपद्रवी खरबरीत उंचवटा. उन्हाने खराब झालेली, पुढे कॅन्सरकडे झुकू शकणारी त्वचा असू शकते. आणि काही वेळा स्क्वेमस सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कॅन्सरच असतो. ब्रिटनमधील एका त्वचारोग नियतकालिकात १९९१ साली ६४३ शिंगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ६१ टक्के शिंगांच्या मुळाशी निरुपद्रवी कारण होते; उरलेल्या ३९ टक्क्यांत कॅन्सर किंवा कॅन्सरपूर्व बदल होते. म्हणजे घाबरून जाण्याचे कारण नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगेही हे नाही.

बुडाशी दुखणे, लाली किंवा कडकपणा, रक्त येणे, झपाट्याने वाढ, उंचीच्या मानाने रुंद बूड, ही धोक्याची लक्षणे आहेत. चेहरा, कान, ओठ, टक्कल अशा उन्हात राहणाऱ्या जागा आणि पुरुषाचे जननेंद्रिय इथल्या शिंगाबाबत अधिक सावध राहावे. आपल्या सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य उन्हापासून बरेच संरक्षण देते. पण भाजल्याचे जुने व्रण आणि वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमा यांतूनही हा कॅन्सर उद्भवतो. अशा व्रणावर शिंग किंवा गाठ आली, तर थांबू नये. यांपैकी एकही लक्षण नसले तरी नुसते पाहून खात्री देता येत नाही.

आपल्याकडे चामखिळीला घोड्याचा केस बांधतात, चुना-सोडा लावतात. शिंगावर हे प्रयोग नकोत. त्याने वरचा भाग पडतो, मूळ तसेच राहते. शिवाय जखम चिघळते आणि निदान लांबते. योग्य उपाय सोपा आहे. जागा बधिर करून शिंग बुडासकट काढायचे आणि ते पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायचे. बूड नसलेला नुसता शिंगाचा तुकडा तपासून काही कळत नाही. कॅन्सर निघालाच, तर कडेची निरोगी त्वचाही काढावी लागते आणि जवळच्या लसिकाग्रंथी तपासाव्या लागतात. वेळेवर सापडलेला हा कॅन्सर बहुतेक रुग्णांत शस्त्रक्रियेनेच बरा होतो.

आजोबांचा रिपोर्ट आला: स्क्वेमस सेल कार्सिनोमा, सुरुवातीचा. काढलेल्या भागाच्या कडांना कॅन्सर नव्हता. मुलाने खालच्या आवाजात विचारले, "डॉक्टर, म्हणजे दोन वर्षं मी कॅन्सरच कापत होतो?"

"नाही," मी म्हटले, "तुम्ही नुसतं शिंग कापत होता. आजार खालीच राहत होता."

आजोबा आता नेमाने तपासणीला येतात. खुर्चीत बसल्या बसल्या, न सांगता, टोपी काढून मांडीवर ठेवतात.