रेव्हन्स्कारची प्रदक्षिणा : मोडलेला लोहमार्ग, शिलालेख व तुरटी

इतिहाससंशोधकास कागदाचें वेड असतें व तें असणें योग्यच आहे. परंतु कागद, शिलालेख किंवा नाणें जेथें सांपडलें ती जागा हाही त्या साधनाचाच एक भाग होय, ही गोष्ट संग्रहाच्या भरांत पुष्कळदां विसरली जाते. ती स्पष्ट व्हावी म्हणून इंग्लंडांतील यॉर्कशायरच्या पूर्व किनाऱ्यावरील एका वाटेची हकीकत आम्ही येथें देत आहों. स्थळ परकी असलें तरी प्रश्न आपलाच आहे, हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

स्कारबरो व व्हिटबी या दोन बंदरांच्या मध्यें रॉबिन हुड्स बे नांवाचें कोळ्यांचें जुनें गांव आहे. त्याच्या दक्षिणेस, उपसागराच्या दुसऱ्या टोंकास, सुमारें ६०० फूट उंचीच्या कड्यावर रेव्हन्स्कार ही वस्ती आहे. जातांना जुन्या लोहमार्गाच्या वाटेनें चढावें आणि येतांना कड्याच्या कडेकडेनें उतरावें, म्हणजे एका दिवसांत प्रदक्षिणा पुरी होते. गांवाच्या नांवावरून प्रसिद्ध बंडखोर रॉबिन हुड याचा येथें वास होता अशी समजूत आहे. तिला पुरावा नाहीं. सोळाव्या शतकांत जॉन लेलंड या प्रवाशानें येथील वीस होड्यांची नोंद केली, तींत हें नांव आलें आहे. म्हणजे नांव जुनें आहे इतकेंच सिद्ध होतें, अधिक नाहीं.

स्कारबरो–व्हिटबी लोहमार्गाचें काम इ. स. १८७२ सालीं सुरू झालें, पैशाच्या अडचणीनें मध्यंतरीं थांबलें आणि अखेर १६ जुलै १८८५ रोजीं मार्ग खुला झाला. रॉबिन हुड्स बेकडून रेव्हन्स्कारकडे येतांना चढ ३९ फुटांस १ फूट इतका होता. आगगाडीस तो फार कठीण. माथ्यावर मार्ग समुद्रसपाटीपासून ६३१ फुटांवर पोहोंचे. रुळांखालीं खडी न घालतां जळलेल्या कोळशाची जाड राख पसरली होती. मार्च १९६५ मध्यें गाड्या बंद झाल्या, पुढें रूळही निघाले. परंतु राख राहिली, व तिच्यावरूनच या वाटेस सिंडर ट्रॅक, म्हणजे राखेची वाट, हें नांव मिळालें. चालणाऱ्यास चढ पायांनाच कळतो. खोदलेल्या खिंडी व घातलेले भराव डोळ्यांस दिसतात. रूळ गेले तरी मार्गाचा लेख पुसला गेला नाहीं, असें म्हणावयास हरकत नाहीं.

माथ्यावर पोहोंचल्यावर उलट प्रकार आढळतो. येथील स्टेशनाचें मूळ नांव पीक असें होतें, इ. स. १८९७ मध्यें तें रेव्हन्स्कार झालें. त्याच सुमारास एका कंपनीनें येथें समुद्रकांठचें हवा खाण्याचें मोठें शहर वसविण्याचा घाट घातला. रस्ते आंखले, गटारें बांधलीं, भूखंड विकावयास काढले. परंतु जागा वाऱ्याच्या तोंडीं, आणि खालचा किनारा खडकाळ व शेंकडों फूट खोल. थोडींच घरें उठलीं व इ. स. १९१३ मध्यें कंपनीचें दिवाळें निघालें. केवळ कंपनीचे नकाशे हातीं आले असते, तर येथें नगर होतें असा निष्कर्ष एखाद्यानें काढला असता. केवळ जमीन पाहिली, तर गवतांतून जाणाऱ्या निर्जन रस्त्यांचा अर्थ लागत नाहीं. दोन्ही शेजारीं ठेवावीं, तेव्हांच खरें काय तें कळतें.

आतां मुख्य साधनाकडे वळूं. इ. स. १७७४ मध्यें या कड्यावर रेव्हन हॉल या वाड्याचा पाया खणतांना एक लॅटिन शिलालेख निघाला. तो सध्यां व्हिटबीच्या संग्रहालयांत आहे. जस्टिनियानस व विंडिसियानस या दोन अधिकाऱ्यांचीं नांवें देऊन, मनोरा व कोट पायापासून बांधल्याचें त्यांत सांगितलें आहे. अक्षरें ओबडधोबड असून चुकाही आहेत. ‘मागिस्तेर’ या अधिकारवाचक शब्दाच्या जागीं ‘मास्बिएर’ असें कांहीं तरी खोदलें गेलें आहे. पाथरवटापुढें घसटत्या अक्षरांतील मसुदा होता व तो त्यास लागला नाहीं, असा आमचा तर्क आहे. मोडीच्या नकला तपासणाऱ्यांस असले घोटाळे नवे नाहींत.

चौथ्या शतकाच्या उत्तरार्धांत रोमन लोकांनीं या किनाऱ्यावर टेहळणीचे मनोरे बांधले. हंटक्लिफ, गोल्ड्सबरो, रेव्हन्स्कार, स्कारबरो व फायली येथील मनोरे ज्ञात आहेत. मधोमध चौकोनी मनोरा, भोंवतीं भिंत, बाहेर खंदक अशी त्यांची रचना इतरत्र उत्खननानें कळली. परंतु जेथें लेख सांपडला तेथेंच ती पाहतां येत नाहीं. कारण ज्या बांधकामामुळें लेख निघाला, त्याच बांधकामानें त्याचें स्थळ झांकलें. तरीही सांपडल्याचें वर्ष व ठिकाण नोंदलें गेलें, एवढ्यानें हा लेख अर्थपूर्ण राहिला. ती नोंद नसती, तर कोणता मनोरा व कोणता कोट, हें कोणीही सांगूं शकला नसता.

परतीच्या वाटेवर कड्याच्या उतारावर पीक येथील तुरटीच्या कारखान्याचे अवशेष लागतात. सतराव्या शतकाच्या मध्यापासून इ. स. १८६२ पर्यंत येथें तुरटी होत असे. डोंगरांतील पाटीचा मऊ दगड खणून त्याचे ढीग लांकडांवर रचीत व ते महिनोन्महिने जळत ठेवीत. मग तो दगड पाण्यांत भिजवून निघालेला द्रव पन्हळींतून खालीं आणीत, आटवीत, व त्यांत समुद्रशेवाळाची राख किंवा शिळें मूत्र मिसळून स्फटिक पाडीत. हें मूत्र दूरच्या शहरांतूनही गलबतांनीं येत असे. रंग पक्का करण्यास, कातडें कमावण्यास व हातकागदास सरस चढविण्यास तुरटी लागे. एकोणिसाव्या शतकांत राळ व तुरटी यांची खळ यंत्राच्या कागदास देऊं लागले. तिच्या आम्लतेनें कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. आपल्या कपाटांतील त्या शतकाचीं छापील पुस्तकें हात लावतांच तुटतात, त्याचें एक कारण हेंच. मात्र अमुक कागदांत अमुक कारखान्याची तुरटी आहे, असें लेखी पुराव्यावांचून म्हणतां येणार नाहीं.

पुढें स्टूप बेक व बॉगल होल येथील ओढे ओलांडून वाट गांवास मिळते. समुद्र हा कडा सतत खात आहे. इ. स. १७८० मध्यें रॉबिन हुड्स बे येथील एक रस्ता घरांसह खालीं गेला. स्कारबरोच्या रोमन मनोऱ्याच्या जागेचाही कांहीं भाग समुद्रांत पडला आहे. जें आज नोंदलें नाहीं, तें उद्यां पाहतां येईलच असें नाहीं.

आपल्याकडे कडा कोसळत नाहीं. वाडे मोडतात, वांटण्या होतात, दप्तरें रद्दींत जातात. तीं वांचविणाऱ्या संग्राहकांचे उपकार मोठे आहेत. परंतु रुमाल सोडतांना कागद कोणत्या क्रमानें होते, कोणत्या गांवीं, कोणत्या घराण्याकडे, कोणत्या दिवशीं मिळाले, हें न लिहितां निवडक पत्रें तेवढीं उचललीं, तर रेव्हन हॉलच्या पायासारखें होतें : लेख हातीं येतो व स्थळ गाडलें जातें. म्हणून कागद हलविण्यापूर्वीं त्याचें ठिकाण व क्रम चार ओळींत टिपून ठेवावा, अशी आमची वाचकांस विनंती आहे. त्या चार ओळी पुढील संशोधकास कित्येकदां मूळ पत्राइतक्याच मोलाच्या ठरतील.